मांडव्यापासून रेडीपर्यंत, सायकलने आणि पायी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी आटोपली की आमचे फोन सुरू होतात. निम्मे मुंबई-पुण्याकडच्या सायकलवाल्यांचे, आणि अलीकडे निम्मे आपल्याच किनाऱ्यावरच्या गावांतून: "आमच्याकडे पण सायकलवाले यायला हवेत, काय करायचं?" आम्ही म्हणजे या रस्त्यावर वर्षानुवर्षं सायकल हाकणारे काही जण आणि घरातल्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देणारे काही जण. दोन्हीकडच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र आहेत. दोघांनी एकमेकांचीही वाचावीत.

हा मार्ग नेमका कुठला? कोणी बांधला?

मार्ग म्हणून कोणीच बांधला नाही. गावागावांना जोडणारे जुने किनारी रस्ते आहेत आणि मध्ये आडव्या येणाऱ्या खाड्यांवर कुठे पूल आहेत, कुठे फेरीबोटी. हे तुकडे सलग जोडले की मांडवा, अलिबाग, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ, गुहागर, जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी, पावस, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, आचरा, मालवण, वेंगुर्ला, शिरोडा असं करत तुम्ही रेडीला पोचता. पुढे तेरेखोल, म्हणजे गोवा.

रेवस ते रेडी असा सलग सागरी मार्ग हवा, ही कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाची, म्हणजे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीची. तेव्हापासून कागदावर तो एक रस्ता आहे. प्रत्यक्षात कुठे दोन पदरी डांबरी, कुठे एस.टी. आली तर सायकल गडग्याला टेकवून उभं राहावं लागेल इतका अरुंद. आम्हाला तो अरुंदच आवडतो, हे आधीच सांगून टाकतो.

एकूण अंतर किती? किती दिवस लागतात?

कुठल्या वाडीत वळता आणि कुठे चुकता, यावर ठरतं. साधारण साडेपाचशे किलोमीटर धरा. दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर ठेवलं तर दहा दिवस. सहा दिवसांत करणारेही असतात, पण ते आमच्याकडे रात्री नऊला येतात, पहाटे पाचला जातात आणि समुद्र पाहिला का विचारलं तर "डाव्या-उजव्या हाताला होता कुठेतरी" असं सांगतात.

सगळं एका दमात करायची गरज नाही. पहिल्यांदा येत असाल तर मांडवा ते हरिहरेश्वर हा टप्पा घ्या, तीन मुक्कामांत आरामात होतो. आणि आम्हाला एकच तुकडा निवडायला सांगितला तर? हर्णै ते गणपतीपुळे. त्यात दोन खाड्या बोटीने ओलांडायला मिळतात.

कोकण किनारा म्हणजे सपाट ना?

नाही. या एका गैरसमजाने जेवढे गुडघे दुखावले तेवढे कशानेच नसतील. सह्याद्रीतल्या घाटांसारखा दहा-बारा किलोमीटरचा चढ इथे नाही, हे खरं. पण गाव खाली पुळणीला, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याला लागून, दोन गावांच्या मध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळी पठार, आणि सडा संपला की पुन्हा खाडीच्या पाण्यापर्यंत उतार. म्हणजे शंभरेक मीटर चढा, चार किलोमीटर उन्हात सपाट हाका, चढलेलं सगळं उतरून टाका, आणि खाडीपलीकडे पुन्हा पहिल्यापासून. असं दिवसातून चार वेळा. वेळणेश्वर-हेदवी भागात तर नकाशावर बोटभर दिसणारं अंतर अर्धी सकाळ खातं.

गिअरची सायकल आणा. बिनगिअरची आणली तर चढावर खाली उतरून ढकलायची लाज बाळगू नका. सड्यावर सावली नसते, पाणी नसतं, हे मात्र लक्षात असू द्या. दोन बाटल्या भरल्याशिवाय गाव सोडू नये.

खाड्या कशा ओलांडायच्या? सायकल बोटीत घेतात का?

घेतात, आणि आनंदाने घेतात. इथली माणसं या बोटींना जंगलजेटी म्हणतात: पुढची फळी धक्क्यावर पडते, मोटारी, दुचाक्या, टोपल्या घेतलेल्या बायका, शाळेची पोरं असे सगळे एकाच वेळी आत शिरतात. सायकलवाल्याने मोटारी लागेपर्यंत थांबावं आणि मग कडेला कठड्याजवळ जागा धरावी. आधी घुसलात तर पजेरोचा आरसा हँडलला लागतो आणि दहा मिनिटांचा प्रवास वादात जातो.

उत्तरेकडून येताना मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्या चढवून नेणारी बोट आहे. ती २०२० पासून सुरू झाली आणि शहरातली सायकल थेट किनाऱ्यावर उतरवायची सोय झाली. त्यानंतर आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. यातली दाभोळची फेरी २००३ साली सुरू झाली, बाकीच्या त्यानंतरच्या. त्याआधी दापोलीहून गुहागरला गाडीने जायचं तर वर चिपळूणला वळसा घालावा लागे. आता धोपाव्याचा माणूस दाभोळच्या बाजाराला जाऊन जेवायला घरी येतो.

वेळा ऋतूप्रमाणे आणि भरती-ओहोटीप्रमाणे बदलतात, त्यामुळे इथे लिहीत नाही. आदल्या मुक्कामाच्या यजमानांना विचारा, त्यांना पाठ असतात. एकदा मी स्वतः "शेवटची बोट मिळेलच" म्हणत हेदवीत चहावर चहा घेत बसलो. तवसाळच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट पाण्याच्या मध्यावर होती आणि तिचा दिवा जयगडकडे निघाला होता. धक्क्यावर जाळं विणत बसलेल्या काकांनी वर न बघताच विचारलं, "हेदवीत चहा घेत बसला होतात ना?" रात्र त्यांच्याच पडवीत काढली. तेव्हापासून आधी बोट, मग चहा.

पूल झाले की बोटी बंद होणार का? मग या मार्गाचं काय?

खाड्यांवर मोठे पूल बांधायची कामं निघालेली आहेत आणि ती व्हायलाही हवीत. रात्री दोन वाजता बाळंतीण अडली असेल त्या घराला आम्ही बोटीतल्या वाऱ्याचं कौतुक सांगू शकत नाही.

पण एक गोष्ट आत्ताच बोलून ठेवायला हवी. पूल झाला की मोटार गावाला न शिवता पुढे जाते. धक्क्यावरचा चहावाला, वडापाववाली, अर्धा तास बोटीची वाट पाहताना शहाळं पिणारा पाहुणा, हे सगळं त्या अर्ध्या तासावर चालतं. म्हणून जुना खालचा रस्ता आणि शक्य तिथे बोट ही सायकलवाल्यांसाठी आणि चालणाऱ्यांसाठी जाहीर करून ठेवावी, असं आमचं म्हणणं आहे. नवा रस्ता ज्यांना पोचायचंय त्यांचा, जुना ज्यांना थांबायचंय त्यांचा. सरकारला त्यासाठी नवा खर्च फारसा नाही. फलक लागतील आणि खड्डे बुजवावे लागतील.

पायी करता येतो का?

सलग पायी करायचा विचार असला तर महिना काढून या. आम्ही तुकडे सुचवतो. गुहागरची लांबच लांब पुळण, आंजर्ल्यातून कड्यावरच्या गणपतीला जाणारी जुनी पायवाट, आरे-वारेचा डोंगरकडेचा रस्ता भल्या सकाळी, वेळासचा किनारा. कशेळीला कनकादित्याचं दर्शन घेऊन सड्यावरची कातळशिल्पं बघायला जा. तिथे जांभ्यात कोरलेली हत्तीची आकृती इतकी मोठी आहे की शेजारी उभं राहून हत्ती दिसत नाही, कडेने फिरत फिरत तो डोक्यात जुळवावा लागतो. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. रेघांवर पाय देऊ नका, आणि फोटोत उठून दिसाव्यात म्हणून खडूने तर मुळीच भरू नका.

चालणाऱ्यांना सायकलवाल्यांपेक्षा एक गोष्ट जास्त मिळते: पाखाड्या. जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांच्या या वाटा वाडीतून वाडीत, आगरातून (नारळी-पोफळीच्या बागेतून) देवळात जातात. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये त्या नाहीत. कुठल्याही अंगणात "पाखाडी कुठून उतरते?" एवढं विचारा.

पायी फिरणं इथे नवीन नाही म्हणा. महर्षी कर्वे मुरूडहून (दापोलीजवळच्या, जंजिऱ्याच्या नव्हे) सहावीच्या परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत चालत गेले होते, आणि तिथे वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. होमस्टेत गरम पाणी नव्हतं अशी तक्रार आली की आम्ही ही गोष्ट सांगतो.

पुळणीवरून सायकल चालवता येते का? भरती कधी हे कसं कळणार?

ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवरून येते. सुक्या वाळूत चाक रुततं. आणि भरती ओळखायला अ‍ॅप लागत नाही, कालनिर्णय पुरतो. आमच्याकडचा जुना हिशेब: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पाणी वर, आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. चतुर्थीला तीन वाजता भरती. पौर्णिमेला-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या आधी भरती आणि पहाटे ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सायकलला तेवढं चालतं.

याचा उपयोग बघा. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपास सूर्योदयाला निघालात तर पुळण रुंद, ओली, कडक असते, कॅरमबोर्डवरून चालल्यासारखी सायकल जाते. त्याच ठिकाणी अष्टमीला सकाळी याल तर पाणी सुरूबनाच्या मुळाशी. उलट हेदवीची बामणघळ बघायची तर ओहोटीला जाऊन काहीच दिसत नाही, नुसती भेग. तिथे भरतीच गाठायची, तेव्हा लाट त्या घळीत कोंडून वर उसळते. मात्र काठापासून लांब उभं राहा, खडक शेवाळलेला असतो.

पुळणीवर सायकल चालवलीत तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा आणि साखळीला तेल द्या. "उद्या बघू" म्हटलंत की परवा साखळी लाल.

आणि वेळास, आंजर्ले अशा कासवांच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत सायकल वाळूत नेऊच नका. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाळूखाली असतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये घरटी राखायला सुरुवात केली आणि गावाने ते काम उचललं. आज पिल्लं समुद्रात जाताना बघायला माणसं येतात आणि गावातल्या घरांतच राहतात. या सगळ्या किनाऱ्यावर पर्यटन कसं करावं याचा धडा शोधत असाल तर तो वेळासला आहे, कुठल्या अहवालात नाही.

कधी यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर घाम वाळत नाही, पण आंबा असतो, तेव्हा तुमचं तुम्ही ठरवा. शिमग्यात पालख्या नाचतात आणि चाकरमानी घरी आलेले असतात. गणपतीत तर आमच्याच घरात आम्हाला झोपायला जागा नसते, खोली मागू नका. दर्शनाला जरूर या, मोदक मिळतील. पावसाळ्यात रस्ते शेवाळतात, बोटी कधीही थांबतात, सरी तोंडावर चाबकासारख्या बसतात. तरीही येणारे येतात. त्यांना आम्ही अडवत नाही, वाळत घालायला दोरी तेवढी जास्तीची बांधतो.

शनिवार-रविवार टाळा, हे महिन्यापेक्षाही महत्त्वाचं. अलिबाग-काशीद पट्ट्यात शनिवारी सकाळी मोटारींची जी रांग लागते तिच्या कडेने सायकल चालवण्यात काही मजा नाही. सोमवारी सकाळी तोच रस्ता तुमच्या एकट्याचा असतो.

पंक्चर, दुरुस्ती, पैसे, रेंज?

दुचाकी दुरुस्तीवाला बहुतेक मोठ्या गावात आहे आणि तो मनापासून मदत करतो, पण बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हमध्ये हवा भरायची तोटी त्याच्याकडे नसते. पितळेचा छोटा अ‍ॅडॉप्टर येतो, तो खिशात ठेवा. दोन ट्यूब, ब्रेकचे पॅड, साखळीचा एक जोड. उतार बरेच असल्याने पॅड लवकर झिजतात. मोठं काही बिघडलं तर अलिबाग, दापोली, रत्नागिरी किंवा मालवण गाठायचं.

सड्याखालच्या वाड्यांत रेंज जाते आणि रेंजबरोबर यूपीआयही. हजार-दोन हजार सुटे रोख ठेवा.

परत कसं जायचं?

कोकण रेल्वे किनाऱ्यापासून आत आहे, पण रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडी ही स्टेशनं सोयीची. सायकल पार्सल म्हणून बुक करावी लागते, आणि गाडी दोन मिनिटं थांबणार असेल तर ती चढवून घेतीलच असं नाही. म्हणून आदल्या दिवशी स्टेशनात जाऊन विचारा. घडीची सायकल पिशवीत घालून नेणाऱ्यांना हा त्रास नाही. काही खाजगी बसवाले डिकीत घेतात, त्यांच्याशी आधीच दर ठरवा, गाडी सुटताना ठरवलात तर तो दर वेगळाच असतो.

एकट्या बाईने यावं का?

येतात. आमच्या अनुभवात रस्त्यावर त्रास कमी आणि चौकशा जास्त: "एकट्याच? घरचे कसे सोडतात? भाकरी खाल्लीत का?" अडचण येते ती मुक्कामाला. काही लॉजवाले एकट्या माणसाला, बाई असो वा पुरुष, खोलीच देत नाहीत. मला स्वतःला एका गावात भर संध्याकाळी "फॅमिली ओन्ली" सांगून परत पाठवलं होतं. ओला, चिखलाने भरलेला, आणि पुढचं गाव सतरा किलोमीटरवर. घरगुती निवास-न्याहारीवाल्यांकडे आधी फोन करून जा, तिथे हा प्रश्न येत नाही. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठावा, हे मात्र सगळ्यांनाच.

(गावकऱ्यांकडून) सायकलवाला पैसे कुठे खर्च करतो? त्याच्यामागे लागून गावाला काय मिळणार?

सरळ हिशेब करू. मोटार मुंबईहून निघते आणि त्याच दिवशी गणपतीपुळ्याला पोचते. मध्ये एक जेवण, तेही महामार्गावर. सायकलवाला तेच अंतर किनाऱ्याने पाच-सहा दिवसांत करतो. म्हणजे पाच रात्री, पाच गावं, पाच घरं. प्रत्येक ठिकाणी रात्रीचं जेवण, सकाळची न्याहारी, आणि मधल्या वाटेत दर दहा किलोमीटरला काहीतरी, कारण त्याला भूक लागतेच. तो पेट्रोल घेत नाही, घावणे घेतो. पाच घावणे आणि वर नारळाचा रस खाणारा माणूस तुम्हाला दुसऱ्या कुठल्या वाहनातून उतरताना दिसणार नाही.

त्यातही तो अशा गावात थांबतो जिथे मोटार थांबत नाही, कारण तिथेच त्याचे पाय संपलेले असतात. प्रसिद्ध देऊळ नाही, किल्ला नाही, म्हणून आमच्याकडे कोण येणार, असं म्हणणाऱ्या गावांसाठीच हा मार्ग आहे.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, दिवेआगर, केळशी, आंजर्ले भागात आगरंच्या आगरं आडवी झाली. पोफळ आज लावली तर सुपारी हातात यायला पाच-सात वर्षं जातात. तेवढी वर्षं ज्या घरांना दोन खोल्यांनी तारलं, त्यांना हा प्रश्न विचारून बघा.

(गावकऱ्यांकडून) मग आम्ही तयारी काय करायची? स्विमिंग पूल बांधू का?

नको हो. समुद्र आहे ना.

सायकलवाल्याला लागतं ते असं: सायकल रात्री पडवीत, कुलपाआड ठेवायला जागा. अंगणात नळ आणि पाइप. कपडे वाळत घालायला दोरी. पोटभर भात, कुळथाची पिठी, मासे असतील तर मासे, सोलकढी. सकाळी सहाला न्याहारी, कारण साडेआठला येणारे पोहे त्याच्या काही कामाचे नाहीत, तोवर ऊन चढलेलं असतं. एका रात्रीचा आणि एका माणसाचा दर वेगळा सांगा. एकट्याकडून दोघांच्या खोलीचे पैसे घेतलेत तर तो पुढच्या गावातल्या धक्क्यावर दहा जणांना सांगतो.

आणि पुढच्या मुक्कामाचा फोन नंबर द्या. "पुढे काही नाही, इथेच राहा" असं सांगणारा यजमान एक रात्र कमावतो आणि मार्ग घालवतो. तुमच्याकडे येणारा माणूस मागच्या गावातल्या कोणीतरी पाठवलेला असतो.

(गावकऱ्यांकडून) जाहिरात कशी करायची? मोठा फलक लावला आहे, कोणी येत नाही.

तो फलक आम्ही बघितला. त्यावर सात फोटो आहेत आणि पाणी कुठे मिळेल ते लिहिलेलं नाही. सायकलवाल्याला फाट्यावर हवा असतो गुडघ्याएवढा चिऱ्याचा दगड: पुढच्या गावाचं नाव, अंतर, चढ आहे की उतार, आणि बोटीचा धक्का कुठल्या हाताला. मराठीत, ठळक अक्षरांत. एक चिरा आणि रंगाचा डबा एवढा खर्च.

सिंधुदुर्ग १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून जाहिराती खूप झाल्या. त्यांत मालवण-तारकर्ली दिसते, आचरा-तोंडवळीच्या मधल्या वाड्या दिसत नाहीत. जाहिरात ठिकाणांची झाली, वाटेची झाली नाही. वाटेची करायची तर एका गावाला जमत नाही, खाडीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दोन गावांनी मिळून करावी लागते. कोकणात सगळ्यात अवघड काम हेच, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

आमच्या गावाचं नाव तुमच्या यादीत नाही. घालाल का?

घालू. त्यासाठी कळवायचं ते इतकंच: पिण्याच्या पाण्याचा नळ किंवा विहीर रस्त्यापासून किती पावलांवर, सकाळी सहाला चहा कोणाकडे मिळतो, रात्री राहायला कोणतं घर, आणि पाखाडी कुठून उतरते. देवळाचा इतिहास पाठवलात तर तोही वाचू, पण विहिरीचं आधी कळवा. मागच्या वेळी एका गावाने चार पानं इतिहास पाठवला, आणि विहिरीला उन्हाळ्यात पाणी नसतं हे आम्हाला तिथे जाऊन, एप्रिलमध्ये, रिकाम्या बाटल्या घेऊन उभं राहिल्यावर कळलं.